झारा

ऑक्टोबरात औने गेली.
त्यानंतर माझा आवाज
फक्त रेडिओवरच्या हवामानाला उत्तर द्यायचा:
उणे नऊ? असेल.
बाकी दिवसभर तो घशातच गंजत पडलेला.

मग म्हाताऱ्या वेइक्कोचं खुब्याचं हाड मोडलं.
औषधाच्या दुकानातली राइली दारात उभी,
बुटांवरचं बर्फ झटकत:
तळ्यातलं पोहायचं भोक आता कोण राखणार?
मी म्हणालो, मला पोहता येत नाही.
ती म्हणाली, पोहायला कोण सांगतंय.

काम एवढंच.
पहाटे पाचला अंधारात निघायचं,
रात्रीत धरलेला चार बोटं जाड थर
कुऱ्हाडीनं फोडायचा,
कडा करवतीनं सरळ करायच्या,
आणि तुकडे उपसायचे.
वेइक्कोची जाळी फाटकी निघाली.
मी स्वयंपाकघरातून औनेचा झारा आणला,
जुन्या दाताळ्याच्या दांड्याला तारेनं आवळला.
मे दिवसाला ती ह्याच झाऱ्यानं
तेलातून गोड वडे काढायची,
निथळेपर्यंत धरायची,
मला हात लावू द्यायची नाही.

सहाला माणसं येतात.
गणिताची बाई सिर्क्का
पाण्यात उतरताना सातचा पाढा म्हणते.
एकोणपन्नासला मानेपर्यंत,
सत्तरला बाहेर.
लाकूड गिरणीतला ऊर्हो शिव्या देतो,
रोज नव्या; त्याचा अभ्यास असावा.
डिसेंबरात हलीमो आली,
कायानीची बस चालवते ती, मोगादिशूची.
सगळ्या कपड्यांनिशी शिडीवर बसली,
एकच पाय बुडवला
आणि अशी किंचाळली
की बर्चवरचे कावळे उठले.
दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय.
आम्ही फिनिश माणसं टाळ्या वाजवत नाही.
ऊर्होनं तिच्यापुढे स्वतःचा थर्मास सरकवला.

माझ्याशी कोणी फार बोलत नाही.
कडा छान झाल्यात, म्हणतात.
किंवा, आज शिडी घसरते.
मी मान हलवतो, शिडीला राख लावतो.
पण घरी परतताना लक्षात येतं,
आपण वाटेत एकटेच बोलतोय,
मोठ्यानं, करवतीच्या दातांबद्दल.

जानेवारीत राइलीनं विचारलं,
झोपेच्या गोळ्या न्यायला आला नाहीत?
मी म्हणालो, विसरलो.
खरंच विसरलो होतो.
ती पावत्या जुळवत राहिली,
वर पाहिलं नाही. बरं केलं.

फेब्रुवारीत ताप.
दोन दिवस पांघरुणात,
खिडकीला पाठ.
तिसऱ्या पहाटे तळ्याकडून घाव ऐकू आले.
एक इथे, एक तिथे, मध्येच थांबून,
कुऱ्हाड तिरपी पडतेय हे आवाजावरूनच कळत होतं.
आधी राग आला.
मग, आपल्यावाचून चालतं त्यांचं,
ह्याचं काहीतरी छातीत रुतलं.
मी पडून ऐकत राहिलो.
वाईट फोडत होते. फार वाईट.

दार वाजलं.
हलीमो, पापण्यांवर दवाचे काटे,
मागे सिर्क्का, ओल्या केसांवर टोपी.
तुकडे निघत नाहीत, म्हणाली.
तो झारा कुठे ठेवता?

शेडमध्ये, दाराच्या मागे, मी म्हणालो.
मग म्हणालो, तार सैल झालीय, जपून धरा.
मग म्हणालो, कडेला आधी फोडा, मधे नाही,
नाहीतर पापुद्रा पायाखाली सरकतो.
महिन्याभरात इतकं सलग बोललो नव्हतो.
सिर्क्का ऐकत होती, पाढा ऐकावा तशी.
हलीमोनं मेजावर डबा ठेवला,
वेलदोड्याचा वास.
उद्या रिकामा करून द्या, म्हणाली,
म्हणजे उद्या यावंच लागेल, ती किंवा मी.

त्या गेल्या. मी खिडकीशी बसलो.
लांब कंदिलाच्या पिवळ्या गोलात
औनेचा झारा वर उचलला गेला,
थांबला,
निथळू लागला.
कोणीतरी धरून ठेवला होता तो,
ती धरायची तितकाच वेळ.

रात्रीत परत थर धरेल.
उणे एकोणीस सांगितलंय.
असेल.
बूट मी चुलीजवळ सरकवून ठेवलेत.