वाढत्या अंगाचा

ऑक्टोबरातला गुरुवार. ग्रिम्सबीच्या गोदीवरून
वारा निघतो तो थेट शाळेच्या हॉलमध्ये शिरतो,
दार कुणी नीट लावत नाही.
पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या मुलांसाठी,
त्यांच्या आईबापांसाठी, आज संध्याकाळी शाळा उघडी.
स्टेजवर हॅलमबाई, मागे भिंतीवर
निळ्या अक्षरांत तीन शब्द: आदर. जिद्द. दया.
दयेच्या एका कोपऱ्याचा गोंद सुटलाय,
ती वाऱ्याने जराशी हलते.

मी मागे, जुन्या गणवेशांच्या दांडीपाशी.
ब्लेझर सहा पौंड, स्कर्ट दोन,
टाय पन्नास पेन्स, नसले तर राहू दे.
निवृत्त झाल्यापासून हेच करते:
बटणं लावणं, खिशातलं च्युइंगम खरवडणं,
कॉलरखालच्या नावपट्ट्या उसवणं.
एका ब्लेझरला एकावर एक चार नावं निघाली,
सगळ्यात तळाची मुलगी आता इथेच गणित शिकवते.

बाई सांगतायत: बूट काळे, चामड्याचे,
कॅनव्हास चालणार नाही.
कानात एकच खडा. नखं स्वतःची.
फोन दिसला की शुक्रवारपर्यंत आमचा.
आठ चाळीसला फाटक बंद.
आईबाप माना डोलावतात.
मुलं छताकडे बघतात, तिथे बॅडमिंटनची
तीन फुलं अडकलीत, पाच वर्षं तरी झाली असतील.

मग तो आला. शॉन कॉवुड.
मासळीच्या कारखान्यातून परस्पर;
रबरी बूट गाडीत काढून ठेवले असावेत,
वास काढून ठेवता येत नाही.
सोबत लिबी, स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकणारी.
"वाढत्या अंगाचा दाखवा," तो म्हणाला,
"पाच वर्षं पुरला पाहिजे."

मी ओळखलं. डाव्या भुवईतली ती खूण.
तेव्हा मी ऑफिसात होते,
सकाळी फाटकाशी वही घेऊन उभी.
टाय नाही, घरी परत.
मंगळवारी टाय नाही. बुधवारी टाय नाही.
अकरा वेळा लिहिलं त्याचं नाव,
वहीत एकदा, घरी न्यायच्या चिठ्ठीवर एकदा,
स्वच्छ, ठळक, रेघेला धरून.
घरी टाय आहे का, हे विचारायला
वहीत रकाना नव्हता.
बाराव्या दिवशी तो आलाच नाही
आणि मी ओळ कोरी सोडली,
नियमाप्रमाणे.

लिबीने ब्लेझर घातला. बाह्या बोटांच्याही खाली.
आरशात बघून पहिल्यांदाच हसली.
दहावीतला टोबेना, स्वागताचा बिल्ला लावलेला,
तिला टाय शिकवायला लागला:
रुंद टोक वरून, मागून, पुन्हा वरून,
आता खालून काढ, आणि आत.
चुकली. परत. परत चुकली.
शॉन बाजूला उभा राहून बोटं हलवत होता
हवेतल्या हवेत,
गळ्यात काहीच नसताना.

मी हळूच एक टाय ब्लेझरच्या खिशात सरकवला.
मग आणखी एक.
त्याने पाहिलं.

"किती झाले?"
"सहा पौंड."
फुकट हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही,
त्यानेही तो घेतला नसता.
नाणी मोजून ठेवली त्याने टेबलावर, एकेक,
एका नाण्याला खवला चिकटलेला.

दारापाशी जाऊन वळला.
"मिसेस पिंचबेक," म्हणाला,
"तुमचं अक्षर फार सुंदर होतं."

एवढंच. मागे दार आपटलं.
स्टेजवर प्रश्नोत्तरं चालली होती,
कुणीतरी विचारत होतं, मोजे गडद निळे चालतील का.
मी उरलेल्या टायांच्या गाठी सोडवत बसले.
मुलं सोडत नाहीत त्या, सैल करून
तशाच डोक्यावरून काढतात, वर्षानुवर्षं.
काही तर इतक्या बसलेल्या असतात
की नखाने होत नाही,
सुई घ्यावी लागते.