लॉकर नंबर चौदा

अक्रा. शनिवार, सकाळी आठ.
मी या परीक्षा-केंद्राचा दरवान, पर्यवेक्षक,
आणि एसी बंद पडला तर शिव्या खायलाही मीच.

झिफा अग्बेन्येगा, वय सत्तेचाळीस,
टेमा बंदरात मासळीच्या शीतगृहाची मॅनेजर.
एक्झिक्युटिव्ह एमबीएला स्कोअर लागतो म्हणून आलेली.
मी म्हटलं, अनुभव दाखवला की सूट मिळते, पुष्कळ जण घेतात.
"मागितली होती," ती म्हणाली.
"त्यांना पदवीनंतरचा अनुभव हवा.
माझी पदवी परवाची."

बोट ठेवा. मशीन नाही म्हणालं.
दुसरं ठेवा. तेही नाही.
एकोणीस वर्षं बर्फात हात,
रेषा उरणार कुठून?
शेवटी डाव्या करंगळीवर भागलं.

खिसे उलटे करा. कानातलं काढा. फोन बंद.
किल्ल्यांचा जुडगा देताना तेवढी अडखळली,
एकेक चाचपून म्हणाली, सात आहेत, लिहून घ्या.
असं लिहून घ्यायला आमच्याकडे रकाना नाही.
मी तळहातावर लिहिलं.

काचेपलीकडे पडद्यावर नेहमीचंच:
विधान एक, विधान दोन,
उत्तर काढायला एवढी माहिती पुरे का?
उत्तर काढायचं नसतं, पुरे की नाही तेवढं सांगायचं.
तरणी पोरं इथेच फसतात, गणित सोडवत बसतात.
ती भराभर पुढे जात होती.
पुरेसं कळलेलं नसताना ठरवून टाकायची
सवय असावी.

सव्वादहाला लॉकरमध्ये काहीतरी थरथरलं.
आवाज तेवढा बंद केला होता बाईनं, फोन नाही.
पत्रा वाजला, थांबला. पुन्हा वाजला.
तिनं मान वर केली नाही, पेन मात्र खाली ठेवलं,
मग उचललं, काहीतरी खरडलं.
तिसऱ्या वेळी हात वर.

मी नियम वाचून दाखवला:
लॉकर उघडलं की पेपर संपला,
फी परत नाही, पुढची तारीख महिन्यानं.
एकवीस मिनिटं उरलीत, मॅडम.
"आत चाळीस टन बांगडा आहे," एवढंच म्हणाली.
किल्ल्या मोजून घेतल्या. सात.

टेबलावर तिचा कच्च्या कामाचा बोर्ड:
एक त्रिकोण, अर्धवट भागाकार,
आणि खाली कोपऱ्यात, घाईच्या अक्षरात,
दारं उघडू नका. डिझेल चार तास. सव्वादोन.

बोर्ड पुसून ठेवायचा असतो.
पुसला.

जेवून आलो. दुसरी बॅच बसवली.
सव्वादोनला, कोण जाणे का,
घड्याळाकडे बघितलं.