तगड

चार आयतवारी चिऱ्याच्या भिंती उभ्या केल्या,
मागच्या परसात, आवळ्याच्या बुंध्यापासून तीन हात सोडून.
ओळंबा माझाच. एक कोपरा जरा कललाय,
तो मला दिसतो. बाकी कुणाला सांगितलेलं नाही.

आता वर काय?

भरमू म्हणाला, कौलं घाल.
गर्लगुंजीच्या भट्टीची जुनी दोनशे पडलीत गोठ्यामागं,
शेवाळ खरवड आणि ने.
कौलाखाली ऊन पायरीशीच थांबतं.
खरं आहे. पण वानरांची एक टोळी येऊन गेली
की आभाळाला तेवढी दारं.

खानापुरात दुकानदार ईरण्णानं हिशेब मांडला,
आकडे कन्नडात, सूट मराठीत:
“सिमेंटचा पत्रा घेवा की हो. तगड लई बोंबलतंय बघा,
पाऊस लागला की बायकोचं बोलणं ऐकू यायचं नाही.”
आणि हसला.

मी एकतीस वर्षं उद्यमबागेत, फाउंड्रीत,
ग्राइंडरवर कास्टिंगच्या कडा घासल्या.
डावा कान तिथंच राहिला,
उजवा निम्मा घरी आला.
मालन हल्ली माझ्याशी हातांनीच बोलते.

तगडाचे सहा पत्रे घेतले.
जे हुक, वायसर, डांबराचा डबा.
भरमू दोन दिवस आला नाही.

परवा दुपारी आत बसून
खुरप्याची मूठ बसवत होतो.
टण्ण.
हात थांबला.
मग बराच वेळ काही नाही.
मग टण्ण, आणि उतारावरून
काहीतरी गडगडत गेलेलं.

आवळा.

इतकी वर्षं मला वाटायचं,
ते गवतातच लागतात.