निझव्याचा मुक्काम

गाडी भाड्याची, सोहारच्या एका बलुच माणसाची.
दोन बाकं, एक शेगडी, कण्हणारा पाण्याचा पंप
आणि फ्रिजला आधीच्या कुणाच्या तरी मासळीचा वास.
आबांनी पायरीवरून आत डोकावून पाहिलं.
"विंचवाचं बिऱ्हाड," म्हणाले,
आणि पुढच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसले,
ताफा निघायचा असावा तसे.

निझव्याला पार्किंग नदीच्या पात्रात.
नदी म्हणजे गोटे, पिकअप गाड्या, एक उनाड शेळी.
हर्षदनं हॅन्डब्रेक ओढला. आबा उतरेनात.
"नदीत तळ टाकत नसतात."
"आबा, इथं वर्षाला दोन पाऊस पडतात."
"दुसरा पडला का?"
गाडी वर घेतली.
कुणाच्या तरी बागेच्या भिंतीला, चिंचोळ्या सावलीत.

किल्ला भाजलेल्या बेसनाच्या रंगाचा.
बुरूज एवढा गोल, एवढा रुंद
की चालून दमलं तरी त्याची पाठ दिसत नाही.
नचूला तोफेवर बसायचं होतं, मला फोटो हवे होते,
हर्षदला फक्त पंखा.
आबा मात्र विकत घ्यायला आल्यासारखे फिरत होते.
भिंतीवर थाप मारत,
जंग्यांतून एक डोळा मिटून बाहेर बघत,
जिन्याच्या पायऱ्या ओठांत मोजत.

कोठारात जमिनीला चर होते, पन्हाळीसारखे.
इथं खजुराची पोती रचत, एकावर एक, छतापर्यंत,
आपल्याच ओझ्यानं खजूर पाझरे
आणि काकवीसारखा रस चरांतून रांजणात उतरे.
सांगणारा खल्फान, दिश्दाशा कडक इस्त्रीची,
हिंदी दुबईच्या एका गॅरेजात शिकलेला.
मग त्यानं जिन्यावरच्या दारामाथ्यावरचं भोक दाखवलं.
"उबालके," तो हसत म्हणाला, "ऊपर से. मीठा मौत."
सगळे वर गेले, वाकून भोकातून खाली बघू लागले.
आबा खालीच थांबले.
भोकाच्या बरोबर खाली उभं राहून
त्यांनी तोंड वर केलं.
मला वरून दिसली फक्त त्यांची पांढरी टोपी,
मग कपाळ, मग डोळे.

जिना चढून आले तेव्हा धाप लागली होती.
"वरच्याला टोपीच दिसते," म्हणाले.
"टोपीवर नाव नसतं."

एकाहत्तरबद्दल आम्हाला त्यांनी
आजवर फक्त थंडीचं सांगितलं होतं.

रात्री पोळीला नचूनं खजुराचा रस फासला,
कोपरापर्यंत ओघळला, चाटला.
मी बाटली पुढं केली.
"मला लोणचं दे," आबा म्हणाले.

तीनला जाग आली तर त्यांचं बाक रिकामं.
दार अर्धं उघडं. बाहेर घडीची खुर्ची,
खुर्चीत आबा, मांडीवर टॉर्च बंद,
तोंड किल्ल्याकडे नाही, नदीकडे.
माझ्या आधीच नचू उठून दारात गेला.
"थम. कौन आता है?"
आवाज हळू, पण माझ्या ओळखीचा नव्हता.
थोडा वेळ पंपसुद्धा गप्प.
"मी. सू आली."
खुर्ची करकरली.
"आगे बढ़ो," आबा म्हणाले,
आणि टॉर्चचा गोल उजेड
नातवाच्या चपलांपुढे धरून
गोट्यांपर्यंत त्याच्या मागून गेले.

सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग.
ओमानी मुंग्या, बारीक, घाईतल्या.
आबांनी बाटलीच्या गळ्यावरून अंगठा फिरवून
ओघळ पुसला
आणि अंगठा बघत राहिले.
मी चहा गाळायला वळले. परत पाहिलं
तर अंगठा स्वच्छ होता.
धुतला की काय केलं, विचारलं नाही.

निघताना गाडी मागं घ्यायची होती,
एका बाजूला भिंत, एका बाजूला उतार.
आबा आधीच खाली उतरून उभे होते,
दोन्ही हात वर, तळवे आपल्याकडे,
येऊ दे. येऊ दे. डावं काप.
येऊ दे.
बस.