तिसरं वळण

जुन्या जकातघरात दालनं चार, दार एकच.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर
शाळेच्या दोन बस एकदम येतील असं धरून
मी फरशीवर खडूने बाण काढले:
आधी नकाशे, मग जाळी,
डावीकडून वळसा घेऊन दीपगृहाचं भिंग,
शेवटी नांगर, आणि बाहेर.
एका वस्तूपुढे चाळीस सेकंद.
उलटं कुणी येणारच नाही, अशी आखणी.

उद्घाटनाआधी गावातली तीस माणसं बोलावली,
म्हटलं, चालून बघा.
भागीरथी खवणेकरांनी चपला दाराशी काढल्या
(नका काढू, सांगितलं होतं)
आणि बाणाच्या तोंडावर पाय देत
सरळ उजवीकडे गेल्या.

नांगराशी थांबल्या.
पाटी वाचली नाही:
लोखंड. देणगीदार अज्ञात.
हात लावू नये, तिथे लावला.
"तेव्हा ह्येका गंज नव्हतो,"
एवढंच.

मागे रांग तुंबली.
घड्याळ माझ्या हातात: सात मिनिटं.
कुणी ढकललं नाही, कुणी 'चला' म्हटलं नाही.
नांगरलेल्या होडीला टाळून
खाडीचं पाणी जातं, तशी माणसं
भिंतीकडेने एकेक पुढे सरकली.

रात्री नकाशा पुन्हा पसरला.
वाट दीड हात रुंद केली,
त्यापायी जाळ्यांचं कपाट कोपऱ्यात गेलं.
एक बाक टाकला, बिनपाठीचा,
कुठूनही आलं तरी बसता येईल असा.

मग ओलं फडकं घेऊन
तिसऱ्या वळणावरचा बाण पुसायला वाकलो.
टाचेएवढा
आधीच पुसला गेला होता.
उरलेला तसाच ठेवला.
सोमवारी शाळा येणार आहे.