वीतभर खाली

चैत्रात बोंडू पिकून गळायला लागले
की सगळ्या उताराला आंबूस वास सुटतो,
आणि त्या वासामागून कोल्हे येतात.
आमच्या नेत्रावळीत हे लहान पोरालाही ठाऊक.
मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की वाटेत खुराडं लागलं
तर तेही वाकून बघतात.

पहिली गेली खुडूक बसलेली तांबडी, अंड्यांसकट.
टोपलीत भाताचं तूस उरलं, अजून ऊबदार.

मग सल्ले सुरू झाले.
आंतोनेतबाय म्हणाली, खुराड्यात रेडिओ लाव गो,
मनशाच्या आवाजाक कोलो भियेता.
चार रात्री कोंबड्यांनी पणजीच्या बातम्या ऐकल्या.
पाचव्या दिवशी सेल संपले
आणि एकीनंही अंडं घातलं नाही.
न्हाव्याकडचे केस आणून कुंपणाभोवती पसरले;
वाऱ्यानं ते विहिरीत नेले,
सासरे दोन दिवस तहानलेले, माझ्यावर रुसून.
सांग्याच्या बाजारातून सोलरचा दिवा आणला.
त्याच्या उजेडात कोल्ह्याला बहुतेक नीट दिसू लागलं.
त्या आठवड्यात दोन बदकं गेली,
आणि शेळीच्या पिलाच्या कानाचं टोक.

सोयरू वेळीप फार बोलत नाही.
आला, कुंपणाची फट बघितली,
मोटरसायकलच्या क्लचची जुनी तार खिशातून काढली,
फास केला, पाचोळ्यानं झाकला, उठला.
मी त्याला हुर्राकाची बाटली दिली.
नको म्हटलं नाही मी.
हे लिहून ठेवते, कारण नंतर सगळे म्हणत राहिले
की फास सोयरूनं लावला.

त्या रात्री फटिंग भुंकला नाही.
भुंकला की तार आवळायची,
हे त्याला पहिल्या दोन-तीन भुंकण्यांत कळलं असणार.
पहाटे बघते तर कुंपणाला टेकून बसलेला,
पुढचा उजवा पाय तारेत, दोन दात तुटलेले,
आणि माझ्याकडे बघणं रोजचंच,
भाकरी आणली का, असं.
भट्टीवरची पक्कड सापडेपर्यंत
मी त्याच्याशी काय काय बोलले
ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, तार कुणाची?
रानातली, म्हटलं.
त्यांनी वर बघितलं नाही, कागदावर लिहिलं: रानातली.

परत आले तेव्हा ऊन चढलं होतं.
फासापासून चार पावलांवर, काजूखाली,
खाल्लेल्या बोंडूंचा चोथा,
आणि बिया, एकेक, ओल्या, स्वच्छ,
जागच्या जागी सोडलेल्या. अकरा.
बाजारात भाव आहे तो बियांनाच.
मी त्या वेचून पोत्यात टाकल्या.
वजनात काही फरक पडला नाही.

मग जे आधी करायचं होतं ते केलं.
नवऱ्यानं पिकास घेऊन खुराड्याभोवती चर खणला;
जांभा दगड, दोन दिवस ठिणग्या.
जाळी वीतभर खाली गाडली,
टोक बाहेरच्या अंगाला दुमडून,
म्हणजे उकरायला येणाऱ्याची नखं तिथंच अडतील
आणि तो कंटाळून घरी जाईल.
कडीला वरून आकडा. छपराच्या फटीला फळी.
शेळी आणि पिलू दिवेलागणीच्या आत आत.
खरकटं, कोंबडीची आतडी उघड्यावर टाकणं बंद.
एवढंच होतं. दोन दिवस आणि हजारभर रुपये.

फटिंग आता चुलीपाशी निजतो.
डोंगरावरून कोल्हेकुई आली
की तीन पायांवर उठतो, दारापर्यंत जातो,
उंबऱ्याला नाक लावून ऐकतो.
भुंकत नाही. मी वाट बघते, पण नाही.

हंगाम संपत आला तेव्हा नवऱ्यानं विचारलं,
त्या वरच्या टोकाच्या झाडाखालचे बोंडू
तू वेचलेच नाहीस?
पडू देत तिथं, म्हटलं.
बिया मी मागाहून आणीन.