चौथ्यांदा तीच रेघ

वित्से, तुला निघायला चाळीस मिनिटं दिली होती.
त्यातली निम्मी तू पानं-पकडी मोजण्यात घालवलीस,
उरलेल्यात मला सांगितलंस:
पंखा घरघरला तर घाबरू नकोस,
घरघर थांबली तर घाबर.

तेव्हापासून तुमचं हे यंत्र माझ्या गळ्यात.
सुटे भाग येत नाहीत, फोन कुणी उचलत नाही.
पिवळ्या उजेडात आम्ही नऊ जण,
डोळ्यांपुरते उघडे,
एकमेकांना भुवयांवरून ओळखणारे.

बारीक रेघ या जुन्या उजेडाला झेपत नाही,
म्हणून तीच रेघ आम्ही चारदा मारतो.
मारतो, धुतो, खरवडतो,
पहिल्या दोहोंच्या फटीत तिसरी,
आणि चौथी जरा सरकली
की तीन महिन्यांची तबकडी मातीमोल.
जरा म्हणजे किती?
केसाचे उभे तीस हजार काप कर.
त्यातला एक.

शंभरात एकोणतीस जगतात.
मेलेल्यांची नोंद कू तिंगफांग वहीत ठेवते,
संगणकात असते, तरीही.

वसंतात पाण्याच्या नळीचं सील गेलं.
वूशीच्या एका म्हाताऱ्यानं,
जन्मभर प्रेशर कुकरची रबरं केलेल्या,
सातव्या खेपेला हुबेहूब दिलं.
कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही.
पैसे मात्र सातही खेपांचे घेतले.

फोन ऑगस्टात आला. पुडोंगमध्ये रांगा.
दुकानातला पोरगा मला समजावत होता
आत काय आहे ते.
मी म्हटलं, हो का?

तुला फोटो पाठवणार होते.
पण तुझं नाव काढायचं तर अर्ज,
दोन प्रतींत, कारणासह.
कारण काय लिहू?
तुझ्याकडेही असाच कागद असेल,
जास्त गुळगुळीत.

तुझा षट्कोनी पाना मात्र राहिला इथे,
मोजणीत चुकलास.
दांड्यावर निळी चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या भाषेत एक ओळ.
तीन वर्षं मी ती यंत्राचं काही गुपित समजून जपली.
आत फोन नेता येत नाही;
परवा अक्षरं एकेक करून पाठ केली,
कॅन्टीनमध्ये हातावर लिहून काढली,
आणि नव्या फोनपुढे धरला हात.

अर्ध्या क्षणात त्यानं वाचून दाखवलं:
वापरून झाल्यावर जागेवर ठेवा.

ठेवते रे.
रोज पहाटे चारला, शिफ्ट संपताना,
पंखा घरघरतोय ना ते ऐकून.